गावठी कोंबड्या, उवा, जंत आणि जाती: ठाणे-नवी मुंबईतून सारखे येणारे प्रश्न

घणसोली, कोपरखैरणे, दिवाळे, येऊर, कासारवडवली, दिवा इकडनं जे प्रश्न परत परत येतात ते सगळे इथे एकत्र टाकलेत. बहुतेकांकडे पाच-दहा गावठी कोंबड्या, घरामागे खुराडं नाहीतर गावठाणातल्या दोन घरांमधली बोळ, आणि पाऊस लागला की एकच गोंधळ. मी डॉक्टर नाही, कोंबड्या पाळणारा आहे, त्यामुळे औषधाचं प्रमाण इथे मुद्दाम दिलेलं नाही. ते पक्षी बघून डॉक्टरच ठरवतील. जवळ दवाखाना माहीत नसेल तर जनावरांसाठीचा टोल फ्री नंबर १९६२ आहे.

१. कोंबडीला नक्की कोणकोणते परजीवी लागतात?

अंगावरचे आणि पोटातले असे दोन गट धरा. अंगावर उवा, माइट (डोळ्याला जेमतेम दिसणारे बारीक किडे), गोचीड आणि कधीकधी पिसवा. पोटात गोल जंत, पट्टकृमी आणि कॉक्सिडिया. कॉक्सिडिया हे जंत नाहीत, एका पेशीचे जीव आहेत, मायक्रोस्कोपशिवाय दिसत नाहीत आणि तरी लहान पिल्लं सगळ्यात जास्त हेच मारतात. नुसत्या उवांचेच कितीतरी प्रकार, एक पंखाच्या मोठ्या पिसांत राहते, एक डोक्यावर, एक मऊ पिसांत, एक थेट कातडीवर, म्हणजे एकाच कोंबडीवर त्यांनी आपापले एरिया वाटून घेतलेत.

२. पोल्ट्रीच्या ब्रॉयलरला जंत होत नाहीत, मग आमच्या गावठीलाच का?

ब्रॉयलरला कॉक्सिडिया होतातच, म्हणून तर त्याच्या खाद्यात त्याचं औषध घालतात. पण जंत कमी सापडतात कारण तो जगतोच जेमतेम सहा आठवडे, आणि मोठ्या गोल जंताला पोटात वाढून स्वतः अंडी घालायला पाच ते आठ आठवडे लागतात, त्याआधीच ब्रॉयलर दुकानात पोचलेला असतो. गावठी कोंबडी वर्षानुवर्षं त्याच मातीत उकरते, गांडुळं, मुंग्या, भुंगेरे खाते, त्यामुळे तिच्यावर परजीवींचे प्रकार जास्त असणारच. याचा अर्थ ती आजारी आहे असा नाही. हा फरक डोक्यात ठेवा, पुढे प्रश्न ७ मधे लागणार आहे.

३. उवा किंवा माइट आहेत हे बघायचं कसं? दिवसा तर काहीच दिसत नाही.

रात्री बघा. कोंबड्या दांडीवर बसल्या की अंधारात एकीला हलक्या हाताने उचला, शेपटीखाली गुदाजवळची पिसं फुंकर मारून बाजूला करा आणि टॉर्च मारा. पिवळट, चपटे, सुळकन पळणारे किडे दिसले तर उवा. पिसांच्या मुळाशी पांढरट राखाडी गुठळ्या चिकटलेल्या दिसल्या तर ती त्यांची अंडी, ती बोटाने निघत नाहीत, ते पीसच कापून जाळून टाकायचं. पिसं काळपट मळकी आणि कातडीवर बारीक खपल्या, ठिपके हलतायत असं वाटलं तर अंगावर राहणारे माइट.

लाल माइट मात्र कोंबडीवर सहसा सापडत नाही, तो रात्री येऊन रक्त पिऊन परत लाकडाच्या फटीत जातो. त्यासाठी पांढरा टिश्यू घ्या आणि दांडीच्या खालच्या बाजूने, जोडात, दाबून फिरवा. टिश्यूवर लाल फराटा उठला की विषय संपला. कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात शिरायला नाटकं करतायत, तुरा फिका पडलाय, अंडी कमी झालीत, यातलं काही असेल तर पहिला संशय यांचाच घ्या.

४. लाल माइट सापडले. कोंबड्यांना पावडर लावली तरी जात नाहीत, काय करू?

कारण पावडर कोंबडीला लावली आणि किडे राहतात खुराड्यात. आपल्याकडच्या गरमीत अंड्यातून पूर्ण वाढ व्हायला त्यांना आठवडा-दहा दिवस पुरतात, आणि रक्त न पिता कित्येक महिने ते फटीत पडून राहू शकतात, त्यामुळे दोन आठवडे खुराडं रिकामं ठेवलं वगैरे याने काही होत नाही. सगळं बाहेर काढा, उकळतं पाणी फटींमधे ओता, कडक उन्हात वाळवा, फटी बुजवा, डॉक्टरांनी दिलेली फवारणी खुराड्यावर करा आणि आठवड्याने परत करा कारण पहिल्या वेळेला अंडी वाचतात. जुन्या प्लायवूडचं खुराडं असेल तर माझं स्पष्ट मत, फेकून द्या. लोखंडी अँगल आणि जाळीचं केलं की अर्धं काम तिथेच होतं. फटीत चपटी, राखाडी, मोठी गोचीड दिसली तर उपाय हाच, पण कोंबडीला ताप आणि हिरवी शी असेल तर थांबू नका, त्या गोचिडीतून रक्ताचा एक आजार पसरतो जो वेळेत गेलं तर औषधाने बरा होतो.

५. कोंबड्याच्या पायाचे खवले उचललेत, पाय जाड आणि पांढरट झालेत. म्हातारपण का?

नाही, खवल्यांखाली शिरून राहणारा वेगळा माइट आहे. कोमट साबणाच्या पाण्यात पाय भिजवायचे, जुन्या टूथब्रशने हलकेच चोळायचं, कोरडे करून व्हॅसलिन नाहीतर खोबरेल तेल भरपूर फासायचं, एक दिवसाआड. खपल्या ओढून काढू नका, रक्त येतं. रॉकेल, जळकं ऑइल तर अजिबातच नको, कातडी भाजते. बरं व्हायला कित्येक आठवडे लागतात, खवले नवीन येईपर्यंत पाय वाईटच दिसणार.

६. पावसाळ्यात पिल्लं गळून बसतात, शीमधे रक्त येतं आणि दोन दिवसांत जातात. दरवर्षी हेच. काय आहे हे?

बहुतेक वेळा कॉक्सिडिया. आपल्याकडचा पावसाळा त्यांना फारच मानवतो. शीतून बाहेर पडलेलं कॉक्सिडियाचं अंडं लगेच रोग देत नाही, त्याला ऊब, ओल आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ते तयार होतं. जुलैमधे ताडपत्रीखाली अंथरलेला ओला तूस म्हणजे नेमकं तेच. पिल्लू ते टिपतं, आतड्यात त्याचे हजारोंनी वाढतात, आठवडाभराच्या आत शीतून परत बाहेर, आणि तीन ते सहा आठवड्यांच्या वयात पिल्लं पटापट झोपतात.

रक्त दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून पाण्यातलं औषध सुरू करा, उद्यावर ढकललं तर पिल्लू जातं. पण औषधापेक्षा तूस महत्त्वाचा. मूठभर तूस हातात दाबा, गोळा होऊन तसाच राहिला तर तो बदला. पाण्याचं भांडं विटेवर ठेवा म्हणजे सांडून खाली चिखल होणार नाही. फिनेल टाकून फरशी धुतली म्हणून निर्धास्त राहू नका, या अंड्यांचं कवच इतकं चिवट असतं की फिनेल, क्लोरीन त्यांना फारसं काही करत नाही. उकळतं पाणी आणि कोरडं ऊन मारतं, आणि ऊन तर जुलैमधे मिळत नाही, म्हणून शक्य असेल तर पिल्लं दिवाळीनंतर काढा, हा सल्ला लोकांना आवडत नाही पण सगळ्यात स्वस्त तोच आहे.

आता अपवाद. मोठ्या कोंबड्यांच्या पोटातही कॉक्सिडिया असतात पण त्या ठणठणीत दिसतात, कारण लहानपणी थोडेथोडे खाऊन त्यांची ताकद तयार झालेली असते. कोंबडीच्या कॉक्सिडियाचे सात प्रकार मानतात आणि एकाविरुद्धची ताकद दुसऱ्याला चालत नाही, त्यामुळे एकदा होऊन गेलं म्हणजे परत होणार नाही असं समजू नका.

७. जंताचं औषध किती दिवसांनी द्यायचं? दुकानदार दर महिन्याला म्हणतो, काकांचं म्हणणं कधीच नको.

दोघांचं पूर्ण बरोबर नाही. आधी शी तपासा. सकाळी चार-पाच कोंबड्यांची ताजी शी वेगवेगळ्या छोट्या डब्यांत घ्या, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा लॅबमधे द्या, परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ट्रेनने जाऊन येता येतं. जंतांची अंडी किती आहेत ते कळलं की मग ठरवा.

वेगवेगळ्या डब्यांत का? कारण जंत सगळ्यांमधे सारखे वाटलेले नसतात. बहुतेक कोंबड्यांत थोडे आणि एक-दोघींत ढीगभर, असंच चित्र असतं, आणि त्या एक-दोघीच सगळी जमीन घाण करतात. त्यांना औषध द्या, आणि महत्त्वाचं म्हणजे त्यांची अंडी रवणीला घालू नका, कारण जंत आवरण्याची ताकद थोडीफार रक्तातूनही येते.

दर महिन्याला सगळ्यांना एकच औषध दिलं की जे जंत त्याला पुरून उरतात तेच मागे राहतात, त्यांचीच पैदास होते, आणि वर्ष-दोन वर्षांनी ते औषध पाणी पाजल्यासारखं होतं. थोडे जंत औषधापासून लांब राहिले तर साधे, औषधाला बळी पडणारे जंतही शिल्लक राहतात आणि औषध जास्त काळ चालतं. मला विचाराल तर शून्य जंत हे ध्येयच नको. वजन टिकलंय, तुरा लाल आहे, अंडी चालू आहेत, मग थोडे जंत असले तर असू देत. औषध दिल्यावर अंडी किती दिवस खायची नाहीत हे मात्र दर वेळी विचारा, प्रत्येक औषधाचं वेगळं असतं.

८. औषध दिलं तरी शीमधे भाताच्या शितासारखे पांढरे तुकडे दिसतात.

ते पट्टकृमीचे तुकडे. गोल जंताची साधी औषधं त्याला लागू पडत नाहीत, डॉक्टरांना नेमकं हे सांगून वेगळं औषध घ्या. तो मुंग्या, भुंगेरे, माश्या खाल्ल्याने येतो, म्हणून खुराड्याजवळ खरकटं आणि उघडं शेण साठवू नका.

९. राख, कडुनिंब, हळद, लसूण, आजी सांगते ते उपाय चालतात का?

राख आणि कोरडी माती चालते, आणि चांगली चालते. कोंबडी धुळीत लोळते ती मजा म्हणून नाही, तिची आंघोळ आहे ती. कोरड्या घमेल्यात बारीक माती, चुलीची चाळलेली राख, थोडी गंधक पावडर, आणि वर छप्पर. गंधकाने उवा आणि अंगावरचे माइट कमी होतात हे नीट तपासलं गेलंय. डायटोमेशियस अर्थ नावाची पावडर ऑनलाइन मिळते, तीही कोरडी असेपर्यंतच काम करते, म्हणजे आपल्या पावसाळ्यात पैसे पाण्यात, शिवाय तिची धूळ छातीत जाते, तुमच्याही.

कडुनिंबाचा पाला घरट्यात टाका, नुकसान नाही. हळद, लसूण खाऊ घालायलाही हरकत नाही पण पोटातले जंत त्याने गेले असं धरून चालू नका. तंबाखूचं पाणी नको, निकोटिन विष आहे. चुनकळी नको, पाय आणि डोळे भाजतात.

१०. कुत्र्याचं मानेवर लावायचं गोचिडीचं औषध कोंबडीला लावलं तर?

नको. त्यातली बरीच औषधं अंड्यात उतरतात. २०१७ साली युरोपात लाल माइट मारायला फिप्रोनिल (कुत्र्याच्या अशा बऱ्याच औषधांत असतं तेच) वापरलं गेलं आणि लाखो अंडी बाजारातून परत घ्यावी लागली. शेतातली फवारणी पण याच कारणासाठी नको.

११. कडकनाथला म्हणे कुठलाच रोग लागत नाही, म्हणून महाग असतो. खरं का?

नाही. कडकनाथ झाबुआकडचा, २०१८ मधे त्याला जीआय टॅग मिळाला, जात चांगली काटक आहे. पण त्याचा काळा रंग हा कातडीत, मांसात, हाडांवर रंगद्रव्य जास्त पसरल्यामुळे येतो आणि त्याचा उवा-जंतांशी काही संबंध नाही. राणीखेत रोगाची लस त्यालाही लागते. उघड्या मानेच्या कोंबड्यांबद्दलही असंच, पिसं कमी म्हणून गरमी सोसतात, उवा मात्र पंखाखाली आणि गुदाजवळ बसतातच.

जातीजातीत फरक असतो हे खरंय. इजिप्तची फायुमी कोंबडी कॉक्सिडियाला लेगहॉर्नपेक्षा बरीच चांगली तोंड देते. पण फरक म्हणजे कमी-जास्त, कवचकुंडलं नव्हेत.

१२. माझ्याकडे लाल, काळी, ठिपक्यांची, शेंडीवाली, सगळी आहेत. म्हणजे जैवविविधता झाली ना?

दिसायला झाली. रंग आणि शेंडी ठरवणारे जीन मोजके असतात, चार रंगांच्या चारही सख्ख्या बहिणी असू शकतात. रोगाशी लढायला लागते ती विविधता दिसत नाही. कोंबडीत रोगप्रतिकाराच्या जीनचा एक छोटा, आटोपशीर गट असतो, त्यात नुसता एक प्रकार बदलला तरी मॅरेक्ससारख्या आजारात कोंबडी जगेल का मरेल यात मोठा फरक पडतो. कळपात हे प्रकार वेगवेगळे असतील तर एका साथीत सगळ्याच जात नाहीत.

मोठ्या पातळीवर पण हाच मुद्दा. कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा, पण पिवळ्या कातडीचा जीन राखी रानकोंबड्याकडून आलाय, जो आपल्या सह्याद्रीत आजही आरवतो. नंदुरबारकडची आणि गुजरातला लागून असलेली बसरा ही कर्नालच्या, जनावरांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या राष्ट्रीय ब्यूरोकडे नोंद झालेली जात, आणि त्याच जिल्ह्यात नवापूरला २००६ मधे देशातला पहिला बर्ड फ्लू आला. एखादी जात एकाच कोपऱ्यात असेल तर ती किती पटकन गोत्यात येऊ शकते याचा अंदाज यावरून बांधा.

१३. कोंबडा किती दिवसांनी बदलायचा? आमचा एकच आहे आणि चांगला आहे.

त्याच्या मुली अंड्यावर यायच्या आत, म्हणजे साधारण वर्षा-दीड वर्षात. बाप-लेकीच्या पिल्लांत सगपणाचा आकडा २५ टक्के येतो, अंडी कमी फुटतात, पिल्लं मरतुकडी होतात आणि मग लोक म्हणतात औषध लागू पडत नाही.

एक हिशोब बघा, पैदाशीचं शास्त्र शिकणारे हा करतात. नर आणि मादी यांचा गुणाकार गुणिले ४, भागिले दोघांची बेरीज. १२ कोंबड्या आणि १ कोंबडा असेल तर उत्तर ३.७, म्हणजे १३ पक्षी असूनही रक्ताच्या दृष्टीने कळप चारापेक्षा लहान. कोंबड्या दुप्पट करून २४ केल्या तरी उत्तर ३.८! पण १२ कोंबड्यांना ३ कोंबडे ठेवले की ९.६. तीन कोंबडे गावठाणात शेजारी चालवून घेणार नाहीत हे कबूल, म्हणून बदलत राहा. घणसोलीचा कोंबडा दिव्याला, दिव्याचा मुरबाडला.

१४. पण नवीन कोंबडा आणला की त्याच्यासोबत रोगही येतो. मग करायचं काय?

हा खरा पेच आहे. नवीन रक्त हवं, पण नवीन पक्षी म्हणजे त्याच्या उवा, त्याचे जंत, त्याच्या भागातले कॉक्सिडिया, जे तुमच्या कोंबड्यांनी कधी पाहिलेले नाहीत. गटारीच्या आधी बाजारात दहा गावचे पक्षी एका डालग्यात कोंबलेले असतात, तिथून तर पैदाशीचा कोंबडा घेऊच नका.

पक्षीच आणायचा असेल तर महिनाभर वेगळा, वेगळं भांडं, आधी आपल्या कोंबड्यांचं काम आणि मग त्याचं. पहिल्या आठवड्यात प्रश्न ३ प्रमाणे दोनदा रात्रीची तपासणी आणि शीची टेस्ट.

त्यापेक्षा सोपी वाट म्हणजे पक्षी नको, अंडी आणा. ओळखीच्या, निरोगी कळपातली फळणारी अंडी घ्या, आपल्या खुडूक कोंबडीखाली ठेवा, २१ दिवसांत नवीन रक्त दारात. उवा, माइट, जंत अंड्याच्या आतून येत नाहीत (एक गमतीदार अपवाद प्रश्न १५ मधे). काही जिवाणू मात्र येतात, साल्मोनेला आणि मायकोप्लाझ्मा, म्हणून कळप निरोगी असणं गरजेचं. आणि खुडूक कोंबडी बसवायच्या आधी तिची नीट तपासणी करा, ती बसली की धुळीत लोळणं कमी होतं, तिच्या उवा वाढतात आणि पिल्लं बाहेर आली की पहिल्याच दिवशी त्यांच्यावर चढतात.

१५. अंडं फोडलं तर आत जिवंत जंत! सगळी अंडी टाकून देऊ का?

ते अंडं टाका, बाकीची नको. कोंबडीची शी आणि अंडं बाहेर यायची वाट एकच, कधीतरी एखादा गोल जंत चुकून उलट्या दिशेने अंडनलिकेत चढतो आणि कवच व्हायच्या आधी आत अडकतो. क्वचित होतं. हा जंत माणसात वाढत नाही, तरी कुठल्या तरी कोंबडीच्या पोटात जंत जास्त झालेत असा अर्थ घ्या आणि प्रश्न ७ वर जा.

१६. पोल्ट्रीतल्या काढून टाकलेल्या लेयर (अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्या) स्वस्तात मिळतात. घ्याव्यात का?

चोच बघा. बऱ्याच लेयरची चोच लहानपणी छाटलेली असते, आणि कोंबडी उवा-माइट काढते ते चोचीच्या टोकानेच, त्यामुळे खोल छाटलेल्या कोंबडीवर ते खूप जास्त वाढतात. शिवाय पिंजऱ्यात वाढल्याने मातीतल्या जंतांशी तिची ओळख नसते. घेतल्यात तर महिना वेगळ्या आणि पहिले काही महिने जास्त लक्ष.

१७. आमच्याकडे कोंबड्याच नाहीत, ऐरोलीत सातव्या मजल्यावर राहतो, तरी बारीक किडे चावतात. कोंबडीचे माइट आहेत असं पेस्ट कंट्रोलवाला म्हणतो.

बरोबर असू शकतं. कोंबडीवरचा एक माइट कबुतरं, चिमण्या, साळुंक्यांवरही राहतो. एसीच्या डक्टमधलं घरटं सोडून पिल्लं उडून गेली की उपाशी माइट खिडकीतून घरात येतात आणि चावतात, खाज सुटते, पण माणसावर त्यांची पैदास होत नाही. घरटं रिकामं असल्याची खात्री करून, मास्क लावून काढा, जागा पुसा, जाळी लावा. कोंबडीच्या उवा तर माणसावर टिकतही नाहीत, बायकोला तसं सांगा.

१८. तुऱ्यावर आणि डोळ्याभोवती काळे ठिपके आलेत. पिसवा का?

चिमट्याने हलवून बघा. घट्ट रुतून बसलेला किडा असेल तर पिसू. खडबडीत खपली असेल तर कोंबड्यांची देवी, जी विषाणूमुळे होते आणि डास पसरवतात, म्हणून पावसानंतर जास्त. देवीवर परजीवीचं औषध चालत नाही, लस आधीच द्यायची असते.

१९. एकदम चार-पाच कोंबड्या मेल्या. जंत असतील का?

जंत असे एका रात्रीत मारत नाहीत. राणीखेत किंवा बर्ड फ्लू धरून चाला. फेब्रुवारी २०२२ मधे आपल्याच जिल्ह्यात शहापूरजवळ वेहळोलीला आणि जानेवारी २०२५ मधे शेजारच्या रायगडात उरणच्या चिरनेरला बर्ड फ्लू सापडला होता. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने धरू नका, खाडीत फेकू नका, बाकीचे विकू नका, १९६२ ला फोन करा.

२०. कोंबड्यांसोबत टर्की ठेवली तर चालेल का?

नको. कोंबडीत एक सेंटीमीटरभर लांबीचा बारीक जंत असतो जो तिला फारसा त्रास देत नाही. त्या जंताच्या अंड्यात आणखी एक परजीवी लपलेला असतो, ते अंडं गांडुळाच्या पोटात जातं, आणि असं गांडूळ टर्कीने खाल्लं की तिचं यकृत खराब होऊन ती मरते, तर कोंबडी शेजारी मजेत दाणे टिपत असते. ही अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात त्यामुळे कोंबड्या विकून टाकल्या तरी जागा लगेच मोकळी होत नाही. टर्की ठेवायचीच असेल तर कोंबडी कधीच न फिरलेल्या जमिनीवर ठेवा, आणि गावठाणात अशी जमीन सापडली तर मलाही कळवा.